टाकीसाठी इलेक्ट्रिक इमर्शन हीटर घेताय? नुसते किलोवॅट सांगून ऑर्डर देऊ नका

नवीन पावडर कोटिंगचं किंवा प्लेटिंगचं युनिट टाकणारा माणूस हीटरवाल्याला फोन करतो, "नऊ किलोवॅटचा कितीला पडेल?" विचारतो, समोरचा रेट सांगतो, पीओ (ऑर्डरचा कागद) जातो, हीटर येतो, टाकीत उतरतो आणि काही महिन्यांत जळतो. मग माल खराब दिला म्हणून भांडण. बऱ्याच वेळा माल खराब नसतो हो, विचारलेला प्रश्नच अर्धा असतो. किलोवॅट म्हणजे फक्त किती उष्णता पाहिजे एवढंच, ती किती मोठ्या पृष्ठभागातून सोडायची, कुठल्या केमिकलमध्ये, आणि पातळी खाली गेली तर काय, हे कोणी विचारत नाही आणि हीटर मरतो तो नेमका यातल्याच एका कारणाने.

भोसरी, चाकण, वाळूजकडच्या छोट्या फॉस्फेटिंग लाइन डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, म्हणजे डीग्रीसिंग (तेल-ग्रीस काढणं), पाणी, पिकलिंग (आम्लाने गंज काढणं), पाणी, फॉस्फेटिंग (रंग धरायला फॉस्फेटचा थर चढवणं) अशा एकापाठोपाठ टाक्या. तुमची लाइन वेगळी असली तरी पद्धत हीच लागते.

१. फोन करायच्या आधी हे कागद जमवा

- टाकीचं ड्रॉइंग किंवा निदान हाताने काढलेलं स्केच. लांबी, रुंदी, खोली, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे द्रवाची कमीत कमी पातळी कुठे असते ते.
- टाकी कशाची आहे. एमएस (साधं लोखंड), एसएस (स्टेनलेस स्टील), पीपी (पॉलीप्रॉपिलीन प्लॅस्टिक) की आतून रबर लाइनिंग.
- केमिकल देणाऱ्याकडून टेक्निकल डेटा शीट आणि एमएसडीएस (केमिकलच्या सुरक्षिततेचा माहितीकागद). क्लोराइड आणि फ्लोराइड आहे का हे त्यातच कळतं.
- सुरुवातीचं तापमान, पाहिजे ते तापमान, आणि किती तासात तापलं पाहिजे.
- तासाला किती किलो जॉब (टाकीत बुडवायचा माल) बुडणार.
- महावितरणचं शेवटचं बिल. मंजूर भार किती आणि कमाल मागणी किती लागते ते त्यात असतं.

शेवटचा मुद्दा लोक हमखास विसरतात. पंचवीस-तीस किलोवॅटचे हीटर लावले, वर ओव्हन आणि कॉम्प्रेसर चालू, की मंजूर भार ओलांडला जातो. भार वाढवून घ्यायचा असेल तर अर्ज, लायसन्सवाल्या इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट, जागेचे कागद वगैरे आलं आणि त्यात वेळ जातो, म्हणून हीटरची ऑर्डर द्यायच्या आधीच हे बघा. एक दिलासा आहे, हीटर हा रेझिस्टिव्ह लोड असल्याने त्याचा पॉवर फॅक्टर जवळजवळ १ असतो, त्यामुळे पॉवर फॅक्टर बिघडायची भीती नाही.

२. किलोवॅटचं गणित स्वतः करा

सप्लायरकडून करून घ्यायला हरकत नाही पण आपल्याकडे आपला आकडा पाहिजे. पाण्यासारख्या द्रवासाठी सूत्र सोपं आहे:

किलोवॅट = लिटर × वाढवायचे अंश ÷ (८६० × तास)

८६० कुठून आले, तर १ युनिट वीज म्हणजे साधारण ८६० किलोकॅलरी.

समजा टाकी १.५ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि त्यात १ मीटर द्रव, म्हणजे १५०० लिटर. २५ अंशावरून ६० अंशावर न्यायचंय, ३ तासात. १५०० × ३५ = ५२,५०० किलोकॅलरी, भागिले ८६० म्हणजे ६१ युनिट, भागिले ३ तास म्हणजे साधारण २०.३ किलोवॅट.

इथे थांबू नका. टाकी तापत असतानाच उष्णता बाहेर पण जात असते. उघड्या पृष्ठभागावरून वाफेने सगळ्यात जास्त जाते, ६० अंशाला शांत हवेत दर चौरस मीटरला ३ किलोवॅटच्या आसपास धरा, आणि वर एक्झॉस्ट हूड खेचत असेल तर त्याहून जास्त. आपल्या टाकीचा पृष्ठभाग १.५ चौरस मीटर, म्हणजे ४.५ किलोवॅट नुसते छपराकडे चालले. बाजूच्या उघड्या पत्र्यातून दर चौरस मीटरला ३०० वॅट धरले तर ५ चौरस मीटरचे दीड किलोवॅट. जॉबचं पण बघा, तासाला ५०० किलो लोखंड ३० अंशाने तापवायचं तर लोखंडाची विशिष्ट उष्णता ०.१२ धरून १८०० किलोकॅलरी, म्हणजे २ किलोवॅटच्या थोडं वर.

तापवताना तापमान हळूहळू वाढतं म्हणून लॉस सरासरी निम्मा धरायचा, म्हणजे २०.३ अधिक ३, वर १५-२० टक्के मार्जिन, आकडा २७-२८ वर येतो. बाजारात ९ किलोवॅटचे सहज मिळतात, तीन घेतले की २७.

आता गंमत बघा. एकदा ६० अंश झाले की टाकीला चालू ठेवायला फक्त ८ किलोवॅटच्या आसपास लागतात. म्हणून एकच मोठा २७ चा घेण्यापेक्षा ९ चे तीन वेगवेगळे घ्या, सकाळी तिन्ही चालवा, नंतर एकावर सांभाळा. एक गेला तरी लाइन बंद पडत नाही हा वेगळा फायदा.

आणि हीटर मोठा करण्याआधी लॉस कमी करा, ते स्वस्त पडतं. बाहेरून ५० मिमी रॉकवूल आणि त्यावर पत्रा, रात्री झाकण, आणि जमत असेल तर पृष्ठभागावर पीपीचे पोकळ बॉल सोडा. झाकणाला "अडचण होते" म्हणून नकार देणारे सुपरवायझर सगळीकडे असतात, त्यांना साडेचार किलोवॅटचं महिन्याचं बिल काढून दाखवा.

३. वॅट डेन्सिटी, हीच खरी गोष्ट

हीटरच्या रॉडच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरमधून किती वॅट बाहेर पडतात ती वॅट डेन्सिटी. बरेच सप्लायर वॅट पर स्क्वेअर इंचमध्ये बोलतात, तेव्हा लक्षात ठेवा १ वॅट प्रति चौ.सेंमी म्हणजे ६.४५ वॅट प्रति चौ.इंच, नाहीतर दोघं वेगवेगळ्या भाषेत बोलत राहता.

रॉडच्या आत काय असतं ते माहीत असलं की हे पटकन समजतं. मधे निकेल-क्रोम वायरची गुंडाळी, भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर घट्ट दाबलेली, आणि बाहेर धातूची नळी म्हणजे शीथ. वायरमधली उष्णता पावडरमधून शीथला आणि शीथमधून द्रवाला जाते. द्रवाने ती उचलली नाही तर शीथ तापतं, त्याच्याहून जास्त आतली वायर तापते, आणि वायर तुटते. मग पातळ स्वच्छ पाणी भराभर उष्णता उचलतं, घट्ट तेल उचलत नाही, आणि रॉडवर थर बसला तर कोणीच उचलत नाही.

ढोबळ मर्यादा अशा धरा, वॅट प्रति चौरस सेंटीमीटरमध्ये:

- स्वच्छ पाणी: ८ ते ९ पर्यंत
- अल्कली डीग्रीसिंग: ६ पर्यंत, मी ५ च्या वर जात नाही
- फॉस्फेटिंग: ३.५ किंवा कमी
- पातळ तेल: २.५ ते ३
- घट्ट तेल: १ च्या आसपास
- टेफ्लॉनचं आवरण असलेले हीटर: १ ते १.५

आता तपासायचं कसं. ९ किलोवॅटच्या हीटरमध्ये समजा ३ किलोवॅटचे तीन यू एलिमेंट (यू आकारात वाकवलेले रॉड) आहेत, रॉड ११ मिमी जाड, आणि प्रत्येकाची गरम होणारी लांबी, म्हणजे यू सरळ केला तर, १६० सेंमी. क्षेत्रफळ = ३.१४ × १.१ × १६० = ५५३ चौ.सेंमी. ३००० भागिले ५५३, म्हणजे ५.४. डीग्रीसिंगला जेमतेम चालेल. हाच हीटर फॉस्फेटिंगच्या टाकीत टाकला तर? तिथे ३.५ च्या आत यायला प्रत्येक एलिमेंटला साधारण २५० सेंमी गरम लांबी पाहिजे. म्हणजे किलोवॅट तेच, पण हीटर दीडपट लांब आणि अर्थातच महाग. स्वस्त कोटेशन आणि महाग कोटेशन यातला फरक बहुतेक वेळा इथेच लपलेला असतो, कोटेशनमध्ये रॉडचा व्यास आणि गरम लांबी लिहिलेलीच नसते.

फॉस्फेटला एवढं जपायचं कारण म्हणजे झिंक फॉस्फेट जितकं गरम तितकं कमी विरघळतं. सगळ्यात गरम जागा कोणती, तर हीटरचा रॉड. मग तिथेच पांढरा कडक थर बसतो, थर बसला की रॉड अजून तापतो, अजून थर बसतो. वॅट डेन्सिटी कमी ठेवली की हे चक्र मंदावतं, पूर्ण थांबत नाही.

४. शीथ कशाचं

इथे केमिकलवाल्याचं ऐका, हीटरवाल्याचं नाही. थोडक्यात:

साध्या पाण्याला कॉपर किंवा एसएस ३०४. अल्कली डीग्रीसिंगला एसएस ३०४ चालतं. फॉस्फेटिंगला एसएस ३१६. क्लोराइड असलेल्या बाथमध्ये (टाकीतल्या द्रावणात), उदाहरणार्थ निकेल प्लेटिंगचा वॉट्स बाथ, एसएस टाकू नका, खड्डे पडतात, तिथे टायटॅनियम, क्वार्ट्झ किंवा टेफ्लॉन. गरम सल्फ्युरिक पिकलिंगला क्वार्ट्झ किंवा टेफ्लॉन.

दोन सापळे. फ्लोराइड असेल तर टायटॅनियम आणि क्वार्ट्झ दोन्ही खलास होतात, तिथे टेफ्लॉनच. आणि क्वार्ट्झ गरम कॉस्टिकमध्ये पण टाकायचं नाही, हळूहळू झिजतं. "क्वार्ट्झ सगळ्याला चालतं" असं काउंटरवर कोणी सांगितलं तर मान हलवा आणि डेटा शीट दाखवा.

५. कुठला प्रकार, कुठे बसवायचा

टाकीला भोक पाडायचं नसेल तर वरून कडेला टांगायचा एल आकाराचा. टाकी बंद आणि स्वच्छ द्रवाची असेल तर फ्लँज किंवा स्क्रू प्लग टाइप (टाकीच्या भोकात बोल्टने किंवा आट्यांनी बसणारा). तेलाच्या मोठ्या टाकीत पॉकेटमध्ये (टाकीत कायम बसवलेल्या नळीत) बसणारा बॉबिन हीटर मस्त, टाकी रिकामी न करता बाहेर काढता येतो. फॉस्फेटिंग-डीग्रीसिंगला मी डोळे झाकून एल टाइप सांगतो कारण साफ करायला दर थोड्या दिवसांनी तो बाहेर काढावाच लागतो.

एलचा आडवा भाग तळापासून निदान १०० ते १५० मिमी वर ठेवा. तळाला गाळ बसतो, गाळात रुतलेला हीटर म्हणजे रजई पांघरलेला हीटर. वरच्या बाजूला, कमीत कमी पातळीच्याही खाली ७५ मिमी तरी गरम भाग बुडालेला पाहिजे. त्याच्या वर जी उभी दांडी असते ती कोल्ड झोन, तिच्यात वायरची गुंडाळी नसते. ऑर्डरमध्ये कोल्ड लांबी आणि गरम लांबी वेगवेगळी लिहा. बास्केट आपटणार नाही अशी जाळी लावा, आणि प्लेटिंगच्या टाकीत अॅनोड आणि जॉबच्या मधे हीटर कधीच नको.

६. वायरिंग: २४० की ४१५

हे वाचून मगच वायरमनला बोलवा. काम लायसन्सवाल्यानेच करायचं, पण काय चाललंय ते आपल्याला कळलं पाहिजे.

एलिमेंट २४० व्होल्टचे असतील तर तीन फेजवर ते स्टारमध्ये जोडायचे (तिन्हींचं एकेक टोक एकत्र). ४१५ चे असतील तर डेल्टामध्ये (त्रिकोणात, प्रत्येक एलिमेंट दोन फेजच्या मधे). २४० चे डेल्टात जोडले की प्रत्येक एलिमेंट तिप्पट पॉवर ओढतो आणि बघता बघता जातो. उलट, ४१५ चे स्टारमध्ये जोडले की पॉवर एक तृतीयांश, टाकी तापतच नाही आणि सगळे हीटरवाल्याला शिव्या देतात. मल्टिमीटरने तपासता येतं: ३ किलोवॅटचा २४० व्होल्टचा एलिमेंट साधारण १९ ओहम, ४१५ चा साधारण ५७ ओहम. जोडणीच्या पट्ट्या काढून एकेक मोजा.

९ किलोवॅटला ४१५ व्होल्टवर १२.५ अँपिअर, २७ ला साडेसदतीस. प्रत्येक ९ च्या हीटरला वेगळी एमसीबी, १६ अँपिअरची पुरते. कॉन्टॅक्टर (हीटरची वीज चालू-बंद करणारा स्विच) घेताना एसी-१ रेटिंग, म्हणजे हीटरसारख्या लोडचं, बघा, दुकानदार मोटरचं एसी-३ सांगतो. टर्मिनल बॉक्स आयपी ६५ चा (धूळ-पाणी आत न शिरणारा), आणि आतली वायर उष्णता सहन करणारी सिलिकॉनची, पीव्हीसी तिथे कडक होऊन तडकते.

आणि व्होल्टेज. एमआयडीसीत संध्याकाळी ३८० मिळत असेल तर पॉवर वर्गाच्या प्रमाणात कमी होते, १६ टक्के गेलेच. आधीच्या गणितात मार्जिन ठेवलं ते याच्यासाठी पण होतं.

अर्थिंगवर काटकसर नको. शीथ, टाकी, स्टँड सगळं अर्थ करा, आयएस ३०४३ (अर्थिंगचं भारतीय मानक) प्रमाणे. हात बुडतात अशा टाकीला प्रत्येक हीटरवर ३० मिलिअँपिअरचं लीकेज प्रोटेक्शन. ते वारंवार ट्रिप होतं म्हणून बायपास केलेलं दिसलं तर लाइन बंद करा आधी, कारण ते ट्रिप होतंय म्हणजे एलिमेंटमध्ये ओल शिरलीय किंवा शीथला भोक पडलंय, म्हणजेच ते आपलं काम करतंय.

७. कंट्रोल आणि सेफ्टी, इथे पैसे वाचवू नका

तापमान मोजायला पीटी १०० सेन्सर आणि साधा पीआयडी कंट्रोलर (तापमान बघून हीटर चालू-बंद करणारा) पुरतो. सेन्सर हीटरच्या डोक्यावर लावू नका, कंट्रोलर लवकर बंद होतो आणि टाकीचा दुसरा कोपरा गार राहतो. हीटरपासून लांब, द्रवाच्या मध्यावर, आणि शक्य असेल तर छोट्या पंपाने द्रव फिरता ठेवा. हवेने ढवळता येतं पण त्याने वाफ आणि लॉस दोन्ही वाढतात.

आता महत्त्वाचं. पीआयडी कंट्रोलर ही सेफ्टी नाही. कॉन्टॅक्टरचे पॉइंट चिकटतात, आणि एसएसआर (कॉन्टॅक्टरऐवजी वापरतात तो इलेक्ट्रॉनिक स्विच) खराब होतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊनच होतो, म्हणजे कंट्रोलर "बंद" म्हणतोय आणि हीटर चालूच. म्हणून मेनमध्ये दुसरा वेगळा कॉन्टॅक्टर टाका, आणि त्याच्या कॉइलच्या सर्किटमध्ये या दोन गोष्टी सिरीजमध्ये:

पहिली, लेव्हल स्विच. पातळी खाली गेली की हीटर बंद. फॉस्फेटच्या गाळात फ्लोट अडकतो, म्हणून फ्लोट जाळीच्या नळीत ठेवा आणि आठवड्यातून एकदा हाताने खाली दाबून बघा हीटर बंद होतो का.

दुसरी, ओव्हर टेम्परेचर कटऑफ, तोही हाताने रिसेट करायचा, आपोआप परत चालू होणारा नको. याचा सेन्सर द्रवात नाही, हीटरच्या शीथला चिकटवून पाहिजे, कारण पातळी गेल्यावर द्रव तापत नाही, रॉड तापतो.

पीपीच्या टाकीत हे दोन्ही नसतील तर हीटर चालूच करू नका. पीपी साधारण १६० अंशाला वितळतं आणि कोरडा पडलेला रॉड त्याच्या कितीतरी वर जातो, तेही मिनिटांत. प्लेटिंग शॉपमधल्या आगींचं हे नेहमीचं कारण आहे: रात्री टाकी गळली किंवा पाणी उडून गेलं, टायमरने पहाटे हीटर चालू केला, शॉपमध्ये कोणी नाही. सकाळी शिफ्टच्या आधी टाकी तापलेली पाहिजे म्हणून टायमर सगळेच लावतात, मीही लावतो, पण लेव्हल स्विचशिवाय टायमर म्हणजे आगीला दिलेली वेळ. वेळ ठरवताना बिलातले टीओडी (दिवसाच्या वेळेनुसार दर) स्लॉट पण बघून घ्या, दर वेगवेगळे असतात.

८. पहिल्यांदा चालू करताना

आधी मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर), ५०० व्होल्टचा. नवीन कोरडा एलिमेंट शेकड्यात मेगाओम दाखवतो. १ च्या खाली असेल तर जोडू नका. मॅग्नेशियम ऑक्साइड हवेतली ओल ओढून घेतं, पावसाळ्यात गोडाऊनमध्ये पडलेल्या हीटरचं हे होतंच. कव्हर काढून १०० ते १२० अंशाच्या ओव्हनमध्ये काही तास ठेवला की बहुतेक वेळा परत येतो, फक्त टर्मिनलच्या सीलला किती तापमान चालतं ते बनवणाऱ्याला विचारून घ्या.

केमिकल टाकायच्या आधी साध्या पाण्यावर ट्रायल घ्या. क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा करंट मोजा, सारखा पाहिजे. मग घड्याळ लावा. २७ किलोवॅटला १५०० लिटर तासाला साडेपंधरा अंशाने चढायला पाहिजे, लॉसमुळे प्रत्यक्षात थोडं कमी. १० च्या आसपास चढत असेल तर तीनपैकी एक हीटर चाललेलाच नाही. ७-८ च असेल तर मेनचा एक फेज गेलेला असण्याची शक्यता मोठी, कारण एक फेज गेला की पॉवर निम्मी होते. पॅनल उघडायच्या आधी निम्मं निदान इथेच होतं. हे आकडे पॅनलच्या दारावर मार्करने लिहून ठेवा, सहा महिन्यांनी उपयोगी पडतात.

९. रोजचं

टाकी रिकामी करायची असेल तर हीटर आधी बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांबा, रॉडमध्ये उष्णता साठलेली असते. गरम क्वार्ट्झवर गार पाणी ओतू नका, तडकतं. फॉस्फेटिंगचा हीटर दर आठवड्याला वर काढून थर बघा, पातळ असताना नायलॉनच्या ब्रशने जातो, जाड झाला की छिन्नी-हातोडी घेऊन बसणारे लोक शीथ चेपवतात आणि मग लीकेज सुरू. जाड थराला केमिकलवाल्याकडून डीस्केलर घ्या आणि त्यात हीटर बुडवताना टर्मिनल बॉक्स वर ठेवा.

महिन्यातून एकदा करंट आणि मेगरची नोंद वहीत. मेगर हळूहळू उतरत चालला असेल तर तो एलिमेंट पुढच्या शटडाउनला बदलायचा, ट्रिप व्हायची वाट बघायची नाही.

एक स्पेअर ठेवाच, तेच मटेरियल, तीच गरम लांबी, तेच व्होल्टेज. मागवताना आयएस ४१५९ प्रमाणे एलिमेंट आणि टेस्ट सर्टिफिकेट मागा, आणि शीथचं मटेरियल, रॉडचा व्यास, गरम लांबी, कोल्ड लांबी, व्होल्टेज, वॅट डेन्सिटी हे सगळं पीओमध्येच लिहा. आला की प्लॅस्टिकमध्ये बंद करून कोरड्या जागी ठेवा, आणि बसवताना परत मेगर करा, नवीन आहे म्हणून सोडून देऊ नका.